ही चाल कुणाची?

आमच्या घरात गाणं लिहिणं म्हणजे शब्द लिहिणं. चाल लिहायची नसते, घ्यायची असते. दर एप्रिलमध्ये जयंतीसाठी ख्राइस्टचर्चमधली आपली माणसं एका शाळेचा हॉल भाड्याने घेतात आणि त्या कार्यक्रमासाठी आई नवीन गाणं करते. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कुठल्यातरी जुन्या सिनेमाची चाल गुणगुणत ती त्यावर आपले शब्द बसवते. हॉलमध्ये वंदना झाली, माइक हातात आला, की आधी सगळ्यांना सांगून टाकते, "चाल अमक्या गाण्याची." मग समोरच्या काकू-मावश्या टाळ्यांचा ठेका धरतात आणि दुसऱ्या कडव्यापासून अख्खा हॉल ध्रुवपद म्हणायला लागतो. आई इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. गाणं तिचा पेशा नाही, पण तिच्याशिवाय जयंती होत नाही.

पेटीच्या बाजूला मांडी घालून बसत मी त्या हॉलमध्ये मोठी झाले. त्यामुळे युनिव्हर्सिटीत गीतलेखन शिकायचं आणि पुढे गाण्यावरच पोट भरायचं असं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, त्यात काय, हे तर आपल्या घरचंच. या वाटण्याने माझी चांगलीच फजिती केली.

बाबांना माझा बेत अजिबात पसंत नव्हता. इथल्या मोठ्या भूकंपानंतर शहर पुन्हा उभं करायला जे इंजिनिअर इथे आले, त्यांतले ते एक. अजूनही कॅफेत शिरले की आधी छताकडे बघतात, मग मेन्यूकडे. त्यांना प्रत्येक गोष्टीला खाली पाया दिसावा लागतो आणि माझ्या बेताखाली त्यांना तो दिसेना. "गाणं कर की, नको कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "आई करतेच. पण आई नोकरीही करते."

बरीच वादावादी झाल्यावर तह झाला. संगीताच्या पहिल्या वर्षाला कुणालाही बसता येतं. दुसऱ्या वर्षी मात्र गीतलेखनाच्या तुकडीत मोजक्याच मुलांना घेतात, तेही वर्षाअखेरीस स्वतःचं गाणं ऐकवल्यावर. मला घेतलं, तर बाबा पुन्हा हा विषय काढणार नाहीत. नाही घेतलं, तर मी मुकाट्याने इंजिनिअरिंगला जायचं. "तुझं फिजिक्स कुठे पळून जात नाही," बाबा म्हणाले. मला राग आला, कारण माझं फिजिक्स खरंच चांगलं होतं.

वर्गाची रीत अशी होती. सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं, एकाने आपलं गाणं म्हणायचं आणि मग गप्प राहायचं. बाकीचे त्या गाण्याबद्दल बोलणार, आणि सगळ्यांचं झाल्यावरच गाणाऱ्याने तोंड उघडायचं. मार्चमध्ये माझी पाळी आली. आमच्याकडे डोंगरापलीकडून एक गरम वारा सुटतो आणि तो आला की भली भली माणसं चिडचिडी होतात. मी त्या वाऱ्यावर इंग्रजीत गाणं लिहिलं होतं. गिटारवर म्हटलं आणि रीतीप्रमाणे गप्प बसले.

वर्ग माझ्या शब्दांबद्दल जेमतेम बोलला. सगळे त्या सुरावटीच्या प्रेमात पडले होते. कडव्यातून ध्रुवपदात उडी कशी सुंदर आहे, हे एकीने पुन्हा गाऊन दाखवलं. मी मनातल्या मनात फुगत होते. चाल छान निवडलीस, असं आमच्या हॉलमध्ये म्हणतात ना, तसंच मला ते ऐकू येत होतं. शेवटी बोलायची वेळ आली तेव्हा मी आईसारखंच मोकळेपणाने सांगितलं, "थँक्स. चाल आईने सुचवली. म्हणजे तिचीही नाही, एका जुन्या हिंदी सिनेमातली आहे. शब्द माझे."

माझ्या शेजारी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बसलेला एक ड्रमवाला होता, तो इथल्या बोलीत 'झकास' म्हणतात तसं अगदी प्रेमाने म्हणाला, "स्वीट अ‍ॅझ. म्हणजे दुसऱ्याचंच गाणं आहे तर."

शिकवणाऱ्या बाईंनी तास संपल्यावर मला थांबवलं. त्यांनी उमेदीची वर्षं बँडबरोबर गावोगाव गाण्यात घालवली होती आणि त्या कुणावरही आवाज चढवत नसत. "तू लपवलं नाहीस, हे मला आवडलं," त्या म्हणाल्या. "पण इथे गाणं म्हणजे शब्द आणि सूर, दोन्ही. वर्षाअखेरच्या गाण्यात सूर दुसऱ्याचा निघाला, तर ते गाणं आम्हाला ऐकताच येणार नाही."

त्या दिवशी तो गरम वाराही तोंडावरच होता. सायकल रेटत घरी पोचले तोवर सगळा राग आईच्या नावाने साठला होता. ती कणीक मळत होती.

"आई, तू कधीच स्वतःची चाल का केली नाहीस गं? सगळं आपलं दुसऱ्याचं उचलायचं!"

"का?" आईने मान वर न करता विचारलं. "चाली काय कमी पडल्यात का?"

"तसं नसतं! युनिव्हर्सिटीत त्याला चोरी म्हणतात."

आता तिचे हात थांबले. "हे बघ, आमच्या वस्तीत नवीन गाणं आलं की रात्री एकदा व्हायचं आणि सकाळी नळावर बायका तेच म्हणत असायच्या. का? तर चाल आधीच तोंडात होती. बाईने चाल शिकत बसायचं का शब्द ऐकायचे? नवीन सांगायचे ते शब्द." मग कणकेचा गोळा झाकत म्हणाली, "चोरी म्हणे! चोर काय माइकवरून सांगून चोरी करतो?"

मला हसू आलं आणि त्याचा आणखीच राग आला. ती चुकीचं बोलत नव्हती, आणि बाईही चुकीचं बोलत नव्हत्या. मधल्या मधे माझी मात्र पंचाईत झाली होती, कारण अख्ख्या आयुष्यात मी एकही चाल केलेली नव्हती.

मग मी चाली करायला बसले. शब्द तेच ठेवले, वाऱ्याचेच, कारण ते माझे होते. परसातल्या स्लीपआउटमध्ये माझी खोली आहे. घरापासून सुटी, लाकडी, हिवाळ्यात बर्फासारखी गार. तिथे पायाशी हीटर घेऊन मी गिटार छेडत राहायचे आणि काही जमलंसं वाटलं की बाबांना ऐकवायचे. बाबांना सूर लावता येत नाही, पण ऐकलेली चाल ते जन्मात विसरत नाहीत. रविवारी भाजी आणायला निघालो की गाडीत माझी परीक्षा असायची.

"थांब," पहिली ओळ संपायच्या आत ते म्हणायचे. "ही लग्नाच्या बँडवाल्यांची. वरात मांडवापाशी आली की वाजवायचे ती."

पुढच्या रविवारी, "ही जाहिरातीतली. साबणाच्या."

त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांना मुद्दाम वेडीवाकडी, कुठेही जाणारी सुरावट ऐकवली. सिग्नलवर गाडी थांबेपर्यंत त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. "ही कुणाची नाही," ते म्हणाले. मी आनंदाने उडालेच. "कारण ही कुणालाच नको असणार."

आता हे आठवून हसू येतं, तेव्हा रडू यायचं. ऑगस्ट आला तरी हाती काही नव्हतं आणि बाबांनी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची माहिती मला न सांगता वाचून ठेवली होती. मी बाईंकडे गेले आणि सांगितलं की माझ्या डोक्यात लोकांच्याच चाली भरल्या आहेत, तिथे माझं काही नाही. त्यांनी माझी गिटार काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "काही दिवस हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "माणसं बोलतात ते ऐक. आवाज कुठे चढतो, कुठे बसतो. तुझ्या भाषेत ऐकलंस तर जास्त चांगलं."

हे ऐकायला बरं वाटलं, पण घरी गेल्यावर करायचं काय, ते कळेना. मी नुसतीच खिडकीशी बसून राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. इतक्यात आईने मागचं दार उघडलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "जेवायला याऽऽऽ, गार होतंय!"

ही हाक मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ती खालून सुरू होते, 'या'वर चढते, तिथे चांगली लांबते, आणि 'गार होतंय' म्हणताना पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते. शेवटच्या पायरीवर थोडी अडखळते, कारण तोवर आईचं लक्ष गॅसकडे गेलेलं असतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला एक शब्द मराठी येत नाही, तरी तोही या हाकेला कुंपणाशी येऊन उभा राहतो. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा हाकेतले शब्द सोडून दिले आणि नुसता आवाज ऐकला. मी जेवायला गेले नाही. आईने आणखी दोनदा बोलावलं आणि माझं कामच झालं.

मी तो चढ-उतार संथ केला, त्यावर वाऱ्याचे शब्द ठेवले, आणि ते असे बसले की मला भीतीच वाटली. तरी दुसऱ्या दिवशी बाईंना आधीच सांगून टाकलं, "ही आईच्या हाकेतून आली आहे. चालेल?"

त्यांनी माझ्याकडून दोनदा गाऊन घेतलं. "तुझ्या आईने हे गाणं म्हणून केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते तू केलंस. ही चाल तुझी."

रविवारी गाडीत बाबांना ऐकवली. ते थांब म्हणाले नाहीत. गाणं संपलं, गाडी दुकानासमोर लागली, तरी ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसून राहिले. "ऐकलीये," ते म्हणाले. "शंभर टक्के ऐकलीये. पण सापडत नाही." मी काही सांगितलं नाही. दाढी करताना, भांडी पुसताना ते ती गुणगुणत शोधत राहिले. मला इतका आनंद झाला होता की तो लपवणं कठीण झालं होतं.

वर्षाअखेरीस परीक्षकांसमोर ते गाणं म्हटलं. डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, ईमेल आला की मला तुकडीत घेतलं आहे. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. संध्याकाळी त्यांनी कुणाला तरी फोनवर सांगितलेलं मी दारातून ऐकलं, "आमची मुलगी साँगरायटर होतेय. हो हो, त्याचीही डिग्री असते."

नवीन वर्ष सुरू झालं. शनिवारी सकाळी मी बाजारात गाऊ लागले आणि एका शाळेत मुलांना युकुलेले शिकवायचं काम मिळालं. अजून पोट भरत नाही, पण भरेल असं मला दिसतं.

मग एप्रिल आला. हॉलमध्ये वंदना झाली आणि आई माइकपाशी गेली. मी मागे बाबांच्या शेजारी उभी होते. "चाल," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं, "आमच्या लेकीच्या गाण्याची."

मला तिने विचारलंही नव्हतं. शब्द सगळे तिचे, जयंतीचे, वाऱ्याचा त्यात मागमूस नाही. काकू-मावश्यांनी ठेका धरला. दुसऱ्या कडव्यापासून अख्खा हॉल ध्रुवपद म्हणू लागला, कुणी न शिकवता, जणू चाल आधीच त्यांच्या तोंडात होती. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

कार्यक्रम संपला. बाबा आणि मी खुर्च्या गोळा करत होतो. बाबा अजून तीच चाल गुणगुणत होते. तेवढ्यात हॉलच्या स्वयंपाकघरातून आईने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना हाक मारली, "जेवायला याऽऽऽ, गार होतंय!"

बाबांची गुणगुण थांबली. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातली खुर्ची त्यांनी हळूच खाली ठेवली.

"सापडली," ते म्हणाले. "अगं, ही तर आपल्या घरची."