फटी बुजवायला तीनशे मैल

"आई, प्लीज, बाबांना पाठवू नकोस, ही विल इम्प्रूव्ह इट!" फोनच्या स्पीकरवर लेकीचं हे वाक्य ऐकलं आणि माझं जायचं पक्कं झालं.

आमची इरा आर्किटेक्चर शिकते. वादळात घरं गेलेल्यांसाठी तिने फिलिपिनो खेड्यांतल्या बाहाय कुबो या पारंपरिक झोपडीवरून स्वस्त घर डिझाइन केलं: खांबांवर उचललेलं, उतरत्या छपराचं, बांबूच्या पट्ट्यांची जमीन असलेलं. टेक्ससच्या किनाऱ्यावर पहिलं उभं राहत होतं, घर वाहून गेलेल्या लोला रेमींसाठी. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. रविवारी त्यांनी पसंत केलं तरच पुढची दहा होणार, नाहीतर डिझाइन बासनात.

अर्विंगहून सहा तास धरा. शुक्रवारी दुपारी निघू नका, ह्यूस्टनला अडकाल. मी निघालो, अडकलो. गॅस पन्नास डॉलर, मोटेल नव्वद. पोळी-चटणीचे रोल सोबत ठेवा.

शनिवारी इरा लोलांना आणायला गेली आणि मी तिच्या वर्गातल्या पोरांनी मांडून ठेवलेल्या पट्ट्यांची जमीन बांधायला बसलो. बघतो तर काय, दर दोन पट्ट्यांत बोटभर फट! खाली लाल मुंग्यांची वारुळं. म्हटलं, पोरांनी घाई केली. वीस वर्षं आयटीत बग शोधतोय, दिसला की हात शिवशिवतात. सीलंटच्या बारा नळ्या आणून एकूण एक फट बुजवली. बायकोला फोटोही पाठवला.

रविवारी ऐंशीच्या लोला तुरुतुरु पायऱ्या चढल्या आणि बसायच्या आधी त्यांनी जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी थेट माझ्या बुटांत.

"फटी कुठे गेल्या?"

"मी बुजवल्या," मी म्हणालो, शाबासकीच्या आशेने!

"मग पुराचं पाणी जाणार कुठून? वारा येणार कुठून? हा तर बाथटब आहे."

इराचे डोळे भरून आले. "बाबा, द गॅप्स वेअर द डिझाइन."

प्रमोशन हुकलं तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. मी लोलांना दुपारपर्यंत थांबायची विनंती केली. त्या खुर्ची टाकून बसल्या. मी घराखाली उताणा पडून पाच तास चाकूने सीलंट खरवडलं. मुंग्यांनी यथेच्छ समाचार घेतला. शेवटची फट मोकळी झाली आणि वरून न सांगता बादलीभर पाणी आलं, अख्खं तोंडावर.

"हं, आता घर झालं," लोला वरून हसत म्हणाल्या.

परतून आठवडा झाला, नखांत सीलंट अजून आहे. काल इराचा फोन आला. लोला राहायला गेल्या, दहा घरं मंजूर.

"जमीन कोणी केली, विचारत होते सगळे."

"मग?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"आय सेड, माझ्या बाबांनी. ट्वाइस."