सतरा सामन्यांचा सागिन

कोचकोर गावचा सागिन आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि शनिवारी गावच्या फुटबॉल संघातून डावा बचावपटू म्हणून खेळायचा. संघ दुसऱ्या श्रेणीतला. मैदान असं, की सामन्याआधी मेंढ्या हाकलाव्या लागत. पण एका वर्षी राष्ट्रीय संघातला डावा बचावपटू जायबंदी झाला, कुणीतरी सागिनचं नाव सुचवलं, आणि गडी असा काही टिकला की बारा वर्षांत देशासाठी सतरा सामने खेळला. राजधानीतल्या मोठ्या क्लबांनी त्याला दोनदा बोलावलं. "मग इथले ट्रॅक्टर कोण बघणार?" म्हणत तो गेला नाही. देशाच्या संघात दुसऱ्या श्रेणीचा तो एकटाच, आणि हे तो छाती फुगवून सांगायचा.

पटवता आलं नाही ते एकाच माणसाला, वडिलांना. कादिरअली म्हणजे घोड्यावरून बोकड पळवण्याच्या खेळातला एकेकाळचा वाघ. "घोडा नाही तो खेळ कसला? बावीस बाप्ये एका चेंडूमागं!" असं म्हणून तो एकाही सामन्याला फिरकला नाही. बाजारात लोक त्याला 'सागिनचे वडील' म्हणू लागले, तेव्हा तर म्हाताऱ्याचा नुसता तिळपापड झाला.

चौतिसाव्या वर्षी सागिनने खेळ सोडला. घरी मेंढी कापली, भावकी जमली. बाबांनी एकदा तरी 'शाब्बास' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मेव्हणा तालाय मांस वाढत होता. वयाप्रमाणे ज्याचं त्याचं हाड ठरलेलं. त्यात चूक म्हणजे भर पंगतीत अपमान. आणि गप्पांच्या नादात तालायने कादिरअलीच्या मानाचं कमरेचं हाड सागिनपुढे ठेवलं, नि सागिनची फासळी म्हाताऱ्यापुढे.

"अरे गाढवा, डोळे कुठं होते तुझे?" काका ओरडले.

सागिन घाईघाईने ताट सरकवू लागला. "चुकून झालं, बाबा."

"राहू दे तिथंच," कादिरअली म्हणाला. "मी जन्मभर घोड्यावर बसलो, पण तीन खोऱ्यांपलीकडं गेलो नाही. हा स्वतःच्या पायांवर गेला. देशाचा सदरा घालून, सतरा वेळा. आपल्यात कुणी केलंय एवढं?"

"पण मान तुमचा आहे."

"माझाच ना? मग कुणाला द्यायचा ते मी ठरवीन. खा गपचूप."

सागिनने ते मानाचं हाड हातात घेतलं. कादिरअलीनेही पुढ्यातली फासळी उचलली आणि सगळ्यांदेखत खायला सुरुवात केली.