नऊ पेले आणि मामांचं पोट

लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या नऊ पेल्यांनी माझ्या सासऱ्यांचं पोट बिघडवलं. पेल्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

माझं माहेर देवगडकडं, समुद्राच्या काठाला. सासर तेरला. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. पण इथं आल्यावर कुणीतरी ठरवून टाकलं, की कोकणातली माणसं हुशार असतात. मी ते खोडून काढलं नाही. (खोडायला धीर लागतो!) सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. दोघांनी पहिल्या दिवसापासून मला लेकीसारखं ठेवलं, त्यामुळं माझी भीती आणखीच वाढली. खाष्ट माणसांपुढं चुकलं तर बोलणी खाऊन मोकळं होता येतं. चांगल्या माणसांपुढं चुकलं की घास उतरत नाही.

मामांचं पोट दोन वर्षं चिडलेलं होतं. कधी तीन-तीन दिवस रुसून बसायचं, कधी एका सकाळी पाचदा पळवायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, पोटाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मामांनी प्रवास सोडला. धाराशिवपर्यंत कसेबसे जात, कारण त्या वाटेवरचा एकेक आडोसा त्यांना तोंडपाठ होता. त्यापुढं सगळा परदेश!

आणि अशातच माझ्या नणंदेचं, संगीताचं, लग्न परंड्याला ठरलं. पंधरा दिवसांनी सुपारी फोडायला तिकडं जायचं होतं. जीपनं दोन तास.

"म्या येत न्हाय," मामा म्हणाले. "वाटंत काय झालं तर व्याह्याला तोंड कसं दाखवू?"

संगीतानं जेवतं ताट पुढं सरकवलं. (वडिलांना ती दादा म्हणते.) "दादा न्हाय आले तर सुपारी फुटत नसती. आत्ताच सांगून ठिवते."

म्हणून मामांना घेऊन मी धाराशिवला डॉक्टरांकडं गेले. (आत्याबाईंना एसटीत मळमळतं, आणि आमचे हे सोलापूरला कामाला.) डॉक्टर भला माणूस, पण बोलणं झपाझप. म्हणाले, "आयबीएस आहे, म्हणजे आतडं चिडलंय. घाबरू नका. खाण्यातल्या तंतूंकडं लक्ष द्या. ते दोन प्रकारचे असतात, पाण्यात विरघळणारे आणि न विरघळणारे. यांना विरघळणारे जास्त द्या, न विरघळणारे जरा कमी. इसबगोल लिहून देतो. समजलं?"

"हो हो," मी म्हणाले. तंतू मला फक्त साडीतले माहीत!

परतताना बसमध्ये मामांनी विचारलं, "काय म्हणले गं डॉक्टर?"

"सोप्पं आहे मामा. पाण्यात विरघळतं ते खायचं."

"अन् काय काय विरघळतंय?"

"घरी जाऊन बघते की."

आणि खरंच बघितलं! तिथंच माती खाल्ली.

फडताळातनं ते नऊ पेले काढले. प्रत्येकावर आहेर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. ओट्यावर ओळीनं मांडले, पाणी भरलं आणि एकेकात एकेक जिन्नस सोडला. कशात काय हे लिहून ठेवायचीही गरज नव्हती, नावं आयतीच होती. कुसुममावशींच्या पेल्यात गूळ. शेजारच्या शेवंताकाकूंच्या पेल्यात ग्लुकोजचं बिस्कीट. बळीमामांच्या पेल्यात केळं. ढोकीकर मंडळींच्या पेल्यात भाकरीचा तुकडा. एका माजी सरपंचांनी दिलेल्या पेल्यात इसबगोल. बाकीच्यांत गाजर, साखर, बत्तासा आणि मुगाची डाळ.

आत्याबाई दारात थबकल्या. "ह्ये काय मांडलंस गं? कुणाचं श्राद्ध हाय का?"

"प्रयोग आहे, आत्याबाई."

"आसं व्हय," त्या आदरानं म्हणाल्या आणि चप्पल काढून बाजूनं गेल्या.

अर्ध्या तासानं ढवळून बघितलं आणि मी आनंदानं ओरडले, "आत्याबाई, कुसुममावशी विरघळल्या! शेवंताकाकू तर पार गेल्या!"

भिंतीपलीकडनं खुद्द शेवंताकाकूंचा आवाज आला, "कोण गेलं म्हणतीस गं?"

त्यांची समजूत आत्याबाईंनी घातली. मी निकालात गुंतले होते. केळं जसंच्या तसं तळाला. गाजर ढिम्म. मुगाची डाळ बुडून बसलेली. आणि इसबगोल? तो विरघळायचं सोडून फुगला होता! पेला उपडा केला तरी पडेना. दुकानदारानं भलतंच काहीतरी दिलं की काय? हे जर मामांच्या पोटात गेलं असतं! मी अख्खा डबा मोरीत ओतला आणि वरून दोन बादल्या पाणी सोडलं. (वस्तू महागाची होती, पण मामांच्या जिवापुढं काय?)

दुसऱ्या दिवसापासून मामांचं पथ्य सुरू झालं. केळं बंद. खिचडी बंद. गाजर बंद. भाकरी बंद! तेरच्या माणसाची भाकरी बंद करणं म्हणजे माझ्या बापाचा मासा बंद करणं. पण मामांनी पथ्य इमानानं पाळलं. सकाळी बिस्किटं, दुपारी गुळाचं पाणी, संध्याकाळी बत्तासे. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "सूनबाई, म्या माणूस हाय का मुंगळा?"

पाचव्या दिवशी पोटानं बंड केलं. मामांच्या चौथ्या फेरीला आत्याबाईंची हाक आली, "अगं, मोरीतलं पानी उलटं येतंय!"

येतंय कसलं, आलंच होतं! सैपाकघरात घोटाभर पाणी. खाली ठेवलेला बिस्किटांचा एक पुडा त्यात तरंगत होता आणि बिस्किटं मात्र छान विरघळली होती. मामा तसेच घाईघाईनं आले, धोतर वर खोचलं, मोरीच्या भोकात काठी घातली आणि जोर लावला. आतनं वीतभर लांब, बुळबुळीत, थलथलीत लादी सुळकन बाहेर आली.

"अगं बाई!" आत्याबाई मागं सरल्या. "ह्ये कोणतं जनावर?"

मला रडू फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली, हेही सांगितलं. आता सुपारीच्या दिवशी मामा घरी, संगीता रुसलेली आणि हे सगळं माझ्यामुळं! मामा काठी टेकून उभे होते. म्हणाले, "नऊ दिस ऱ्हायलेत अजून. तोंड धू. बस धरू."

डॉक्टरांनी मामांच्या पथ्याची यादी ऐकली आणि पेन खाली ठेवलं. "बिस्किटं आणि बत्तासे? ही कल्पना कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माजीच."

"अहो काका, काय हे! सूनबाई एवढ्या समंजस दिसतात, जरा त्यांचं ऐकत जा की!"

"ऐकतो की," मामा म्हणाले. "पार जिवावर उदार होऊन ऐकतो."

मग मात्र मला राहवेना. जे पहिल्यांदा विचारायचं होतं ते विचारलं, "डॉक्टर, तंतू विरघळतो म्हणजे नक्की काय होतं हो?"

"साखरेसारखा दिसेनासा होत नाही तो. पाणी ओढून घेतो, फुगतो, बुळबुळीत होतो आणि आतड्यातनं अलगद सरकतो. इसबगोल, केळं, शिजवलेलं गाजर यांत तो बराच असतो. कोंडा, साली, बिया यांत न विरघळणारा जास्त. तोही लागतोच, पण चिडलेल्या पोटाला एकदम झेपत नाही. गूळ, साखर, बत्तासे यांत तंतूच नाही!"

"फुगतो," मी म्हणाले. "म्हणजे मोरीत फुगला तसा?"

"कुठल्या मोरीत?"

मामांना एकाएकी खोकला आला.

"पण मग मोरीसारखं मामांचंही तुंबलं तर?" माझी भीती काही जाईना.

"डबा ओतू नका, बाई! आधी अर्धा चमचा, पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा. दिवसभर पाणी भरपूर. सोसेल तसं वाढवा. मुगाची खिचडी द्या. काय खाल्लं, काय झालं, ते वहीत लिहा."

"अन् भाकरी?" मामांनी जीव मुठीत धरून विचारलं.

"अर्धी चालेल. बघत बघत वाढवा."

मामांचे डोळेच भरून आले. माझे आधीपासूनच भरलेले होते.

घरी आल्यावर मी वही सुरू केली. अक्षर माझं वाकडं, पण एक दिवस चुकला नाही. पाचव्या दिवशी मामांनी सकाळी एकच फेरी मारली आणि आत्याबाईंनी ती मला अशी सांगितली, जशी काही नातू झाल्याची बातमी! आठव्या दिवशी मामा स्वतःहून म्हणाले, "जीपवाल्याला सांगा, म्या पुढं बसणार."

सुपारीला आम्ही सगळे निघालो. मी पिशवीत केळी, पाणी, इसबगोल आणि वही घेतली. सगळ्या वाटेनं माझं लक्ष मामांच्या तोंडाकडं. जरा कपाळाला आठी पडली की मी पिशवीतलं पाणी पुढं करायचे. ते मात्र खिडकीतनं ज्वारी बघत निवांत बसले होते. परंड्यात संगीताची सुपारी फुटली ती मामांच्या समोर, आणि त्यानंतर ते व्याह्यांच्या पंगतीत अर्धी भाकरी मागून जेवले.

तेर ते परंडा आमची जीप दोनदा थांबली. दोन्ही वेळा माझ्यासाठी! काळजीनं, आणि उरलेली बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून आठवडाभर मीच खात होते त्यानं. पहिला आडोसा येडशीच्या अलीकडं होता, तो मामांनीच दाखवला. दुसऱ्या वेळी मी बाभळीमागं पोचते न पोचते तोच त्यांनी खिडकीतनं डोकं बाहेर काढून हाक दिली, "सूनबाई, दमानं होऊ दी! गुळाचा खडा पाठवू का? लई झ्याक विरघळतोय!"