लाल न झालेली हळद

हिंगणघाट तालुक्यात फौजदार असतानाचा हा गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. अल्लीपूरकडच्या एका खेड्यात वरणभात जेवून एका घरातली माणसं ओकाऱ्यांनी आडवी झाली. थोरल्या सुनेचा लहानगा मुलगा दगावला. स्वयंपाक धाकट्या सुनेचा. तिचा उपास होता म्हणून ती जेवली नव्हती. दोघी जावांचं पटत नव्हतं हे गावाला ठाऊक होतं. त्यात शेजाऱ्याने ठाण्यावर खबर आणली, "लहानी सून परवा धोतरा तोडून राह्यली होती, साहेब. म्या पाह्यलं."

पंचनामा करून स्वयंपाकघरातले डबे सीलबंद केले आणि तिला ताब्यात घेतलं. गाव खवळलं होतं. सोबतीला पोलीस पाटलाची बायको ठेवली.

"धोतरा काऊन तोडला?" मी विचारलं.

"महादेवाले वाहाले. सोमवार होता." मग तिला रडू फुटलं. "त्या लेकराले म्या अंगाखांद्यावर खेळवलं जी. त्याले इख देईन काय?"

रडणं हा पुरावा नव्हे. पण डॉक्टर म्हणाले, धोतऱ्याने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो. इथे तसं काहीच नव्हतं.

सकाळी ती पदरावरचा वरणाचा डाग साबणाने चोळत होती. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हा डाग पिवळाच राहिला. मी ते लुगडं जप्त केलं.

"हळद कुठली?"

"बाजारातली. नवीनच आणली."

दुकानदार कानांवर हात ठेवू लागला. त्याच्याच पोत्यातली चिमूट मी त्याच्यासमोर धरली. "चाख."

त्याने तोंड फिरवलं. "हळद पांढरी पडली होती, साहेब. रंगासाठी हरताळ टाकला. थोडासाच जी."

ती हळद फेकून देण्याची दवंडी त्याच दिवशी गावोगाव पिटवली. नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीतही हरताळ, म्हणजे सोमल या जहाल विषाचं पिवळं खनिज, निघालं. दुकानदाराला शिक्षा झाली.

सुनेला सोडलं तेव्हा नवरा न्यायला आला, पण ती उठेना. तेवढ्यात थोरली जाऊ आत आली. तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"चाल," थोरली म्हणाली. "घरी सैपाक कोण करन?"

शेजाऱ्याची खबर खोटी नव्हती. धोतरा तिने तोडलाच होता. त्याचा अर्थ मात्र त्याने आपल्या मनाने लावला, आणि मीही तो जवळजवळ मान्य केला होता. पुढे नोकरीभर पाहिलेलं काय आणि मानलेलं काय, हे मी आधी वेगळं करत गेलो. तिला निर्दोष ठरवणं माझ्या हातात होतं. पुन्हा चुलीपाशी बसवणं फक्त त्या आईच्या.