एका नावाच्या बदल्यात एक नाव

विमान खाली येताना आखातातल्या सित्रा बेटावरच्या तेलाच्या टाक्या दिसल्या आणि मी मान फिरवली. तिथलीच एक टाकी साफ करताना माझा धाकटा भाऊ रफीक गुदमरून गेला. शोकसभेत कंपनीच्या साहेबाने त्याला रशीद म्हटलं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

मनामाच्या माहूज भागात भाची शबानाकडे उतरलो. ती शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या दिवशी तिने मला मनामाच्या बाजारातल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नेलं. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. दारावर पोलीस, आत फुकट चहा आणि खजूर. फुकट चहा दिसला की मी आधी विचारतो, विकायचं काय आहे?

रीत अशी होती, की प्रत्येकाने टोपलीतली एक चिठ्ठी उचलायची आणि त्यावरचं नाव, वय, गाव मोठ्याने वाचायचं. टोपली घेऊन आल्या सलीमाबाई, बाजारात कापडाचं दुकान चालवलेल्या म्हाताऱ्या ज्यू बाई. हिंदी फर्डं. मी त्यांना रफीकचं सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "मी तुमचं एक नाव वाचतो, तुम्ही माझ्या भावाचं वाचा. बरोबरीचा सौदा."

"मामू, प्लीज, नॉट हियर," शबाना कुजबुजली.

"मफी (नाही)," बाई म्हणाल्या. "तुझा भाऊ कामावर गेला, अल्ला त्याला जन्नत देवो. यांना मात्र ज्यू म्हणून घराघरातून शोधून मारलं. दोन्ही एका तराजूत घालू नकोस, भाई."

मी उठलोच होतो. पण मी व्यापारी माणूस; समोरचा टाळतोय की शेवटचा भाव सांगतोय, हे मला कळतं. बाई टाळत नव्हत्या. मी चिठ्ठी उचलली. एस्तेर, वय सहा, पोलंडमधलं एक गाव. गावाचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मी तसंच उरकलं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

नाव नीट येईपर्यंत त्यांनी मला बसू दिलं नाही. मगच मेणबत्ती पेटवली.

बाहेर पडताना त्यांनी माझ्या हातावर केशराचा हलवा ठेवला. "आता सांग. भावाचं नाव, बापाचं नाव, गाव."

मी सांगितलं. रफीक त्यांना सहज जमलं, पण गावाचं नाव, मिरकरवाडा, जिभेवर अडखळलं.

"पुन्हा," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. नीट जमेपर्यंत म्हणत राहिल्या.

दारावरचे पोलीस कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. संशय माझा धंदाच आहे. पण परतीच्या विमानातून टाक्या दिसल्या तेव्हा मान फिरवली नाही. आधी एस्तेर म्हणालो. मग थोडं थांबून, रफीक. एका दमात नाही.