सीलबंद डब्यातला पिस्टन

चाळीस वर्षे मी नाटकात रागावलो. मंडळीबरोबर गावोगाव हिंडलो, राजा झालो, खलनायक झालो, मुलीच्या सुखाआड येणारा बाप झालो, आणि प्रत्येक भूमिकेत एकदा तरी पाय आपटून फळ्या हलवल्या. लोक टाळ्या वाजवत. पण खरा रागावलेला माणूस कसा दिसतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर आंजीच्या रस्त्यावरच्या एका टिनाच्या शेडमध्ये कळले. तो ओरडत नव्हता. फडक्याने एकेक बोट पुसत होता, आणि पुसून झालेले बोट पुन्हा पुसत होता.

त्याचे नाव गोमाजी मडावी. वय एकसष्ट, अंगाने काटक, टू-स्ट्रोक गाड्यांचा मिस्त्री. फक्त टू-स्ट्रोक. दुसरी कुठली गाडी आणली तर तो मान वर न करता पुढच्या गॅरेजकडे बोट दाखवतो. अशा गाड्या आता उरल्यात किती? माझी मोपेड, शाळेच्या शिपायाची स्कूटर, अशाच आठ-दहा. दिवसातून एखादे गिऱ्हाईक आले तरी खूप. तरीही गोमाजी सकाळी आठला शेड उघडतो आणि मी साडेआठला तिथल्या स्टुलावर जाऊन बसतो. आमच्या नाटक मंडळीचा जनरेटर तो तरुणपणी सांभाळायचा. प्रयोगात कधी अंधार झाला नाही. एवढ्या ओळखीवर माणसाने आयुष्यभर कुणाच्या स्टुलावर बसावे.

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले.

पहिली सवय अशी. इंजिनातून काढलेला जुना तुकडा तो गिऱ्हाइकाला परत देतो. आपल्याकडचे सगळेच जुने मिस्त्री देतात, म्हणजे गिऱ्हाइकाने म्हणू नये की बदललेच नाही. पण देण्याआधी गोमाजी टोकदार खिळ्याने त्याच्या आतल्या बाजूला खूण कोरतो. वर्ष, आपल्या नावाचे पहिले अक्षर, आणि तुकडा पुन्हा वापरण्याजोगा नसेल तर फुली.

दुसरी सवय श्रद्धेची. कंपनीचा सीलबंद डबा हातात आला की तो हात धुतो, डबा कपाळाला लावतो आणि वरचे इंग्रजी मला मोठ्याने वाचायला लावतो. "मास्तर, खड्या आवाजात होऊ द्या." मीही वाचायचो, राज्याभिषेकाच्या घोषणेसारखे.

गाडी होती नागेश उईकेची. उंच मडगार्ड, दात्यांचे टायर, पोटाखाली वीतभर मोकळी जागा, अशी जपानी बनावटीची जुनी डर्ट बाइक. नागपूरच्या कुणा हौशी माणसाने मातीतल्या शर्यतीसाठी आणलेली. त्याची हौस फिटल्यावर ती सेलूच्या वासुदेवरावांकडे आली आणि त्यांची कंबर धरल्यावर नागेशकडे. नागेशने तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लटकवल्या. डोंगरामागे सात गोठे आहेत. वाट नाल्यातून, गोट्यांवरून जाते. साधी गाडी पहिल्याच दगडावर पोट फोडून घेते, ही मात्र बकरीसारखी चढते. सात गोठ्यांचे दूध खाली यायचे ते या एका गाडीवर. नागेश आणि त्याची आई रामबाई, दोघांचे घर त्यावर चालायचे.

मागच्या वर्षी तिचे इंजिन दमले. गोमाजीने उघडून पाहिले. पिस्टन गेला होता, सिलिंडरची आतली नळी, लायनर, तीही खरवडली होती. "लायनर नवा टाकतो," तो म्हणाला, "पिस्टन शोधा लागन."

तो शोध आठ महिने चालला. ती माणसे आठवली की माझे आजही डोके तापते. नागपूरचा एक दुकानदार फोनवर हसला. अमरावतीच्याने सांगितले, "काका, आता तिले अंगणात शोपीस म्हणून उभी करा." हैदराबादच्याने नंबर मागितला, आठवडाभर ताटकळत ठेवले आणि मग दुसऱ्याच गाडीचा फोटो पाठवला. एका मोठ्या शहरातल्या संग्राहकाकडे नेमके याच इंजिनाचे सामान निघाले. त्याने मोठ्या अभिमानाने फोटो धाडला. सिलिंडरमध्ये बल्ब बसवून त्याचा टेबललॅम्प केला होता. पिस्टन होता, त्याच्यावर घड्याळ होते.

गोमाजीने तो फोटो बराच वेळ पाहिला. "याच्या घरी लाइट नाई का?" एवढेच विचारले.

शेवटी वर्ध्याच्या गजेंद्रचा फोन आला. गजेंद्रचे वडील बंडूजी हे गोमाजीचे जुने दोस्त. आता ते नाहीत, स्पेअर पार्टचे दुकान पोरगा बघतो. "काका, भेटला तुमचा पिस्टन. कंपनीचा डबा हाय, सीलबंद."

डबा आला. गोमाजीने हात धुतले, कपाळाला लावला, मी खड्या आवाजात वाचले. पिस्टन बाहेरून आरशासारखा होता आणि आतून राखाडी रंगाचा थर होता. "आतून बी कोटिंग मारतात आता," गोमाजी कौतुकाने म्हणाला. त्या मापाने लायनर आतून कोरून, बोअर करून घेतला, इंजिन बांधले. गाडी अशी वाजली की शिपायाने स्कूटर थांबवून ऐकले.

एकोणीस दिवस ती चालली. विसाव्या दिवशी सकाळी, भरल्या कॅन घेऊन नाल्यात उतरताना इंजिन एकाएकी जाम झाले, मागचे चाक धरले आणि नागेश गोट्यांवर आदळला. खांद्याचे हाड मोडले. दूध नाल्यात गेले.

तिसऱ्या दिवशी रामबाई शेडमध्ये आली. साठीची बाई, डोक्यावर कॅन तशीच. सातांपैकी पाच गोठ्यांनी दूध दुसऱ्याला देऊन टाकले होते. उरलेल्या दोघांचे ती डोक्यावर वाहून आणत होती. तिने कॅन खाली ठेवली.

"गोमाजी, तुले मी भाऊ म्हणत होती. माह्या पोराच्या इंजिनात काय भरलं तू?"

"सीलबंद डबा होता, रामबाई. मास्तरच्या समोर उघडला."

"मंग मास्तरलेच बशीव त्या गाडीवर. लय आवाज हाय त्याचा. आवाजानं चालवन."

मी स्टुलावर चुळबुळलो.

"डुप्लिकेट टाकलं ना?" ती म्हणाली. दोन गिऱ्हाइके उभी होती, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पाह्यजो रे, तुमच्या गाड्यायमंदी काय टाकून देते हा."

गोमाजीने हातातला पाना खाली ठेवला. तीस-बत्तीस वर्षे त्याचे एकच म्हणणे होते, माझ्या हातचे इंजिन जाम होत नाही. बाकी त्याच्याकडे होते काय? टिनाची शेड आणि ते वाक्य. ती गेल्यावर त्याने नागेशची गाडी ओढत आत आणली.

पिस्टन तीन तुकड्यांत निघाला. पिन बसते त्या भोकापासून चिरत गेला होता. गोमाजीने तुकडे पेट्रोलच्या भांड्यात टाकले आणि ब्रशने घासू लागला. आतला राखाडी थर पापुद्र्यासारखा सुटला. त्याखाली कोरलेले काही दिसले. त्याने तुकडा उजेडात धरला, मग माझ्या हातात दिला.

फुली. अकरा. गो.

तेव्हा तो हात पुसू लागला.

"दोन हजार अकरा," तो म्हणाला. "वासुदेवरावाच्या टायमाले. पिनाजवळ केसावानी चीर होती, म्हणून म्याच काढला होता. याच गाडीतून, मास्तर. याच गाडीतून."

मी तिथूनच वासुदेवरावांना फोन लावला. भला माणूस. म्हणाले, गोमाजीने परत दिलेले तुकडे वर्षानुवर्षे पोत्यात होते, घर रंगवताना भंगारवाल्याला दिले. पुढचे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तुकडा पोत्यातून भंगारात गेला, भंगारातून कुठल्यातरी शहराच्या मागच्या गल्लीत. तिथे कुणीतरी ती चीर बुजवली, बाहेरून चकाकी दिली, आतून रंग मारला, नवा डबा छापला, सील लावले. आणि चौदा वर्षांनी तो आपल्याच घरी माणूस मारायला परतला. मी रंगमंचावर विषाचे पेले देणारे खूप केले. पण ते निदान आपल्या तोंडाने हसायचे, दुसऱ्याचे नाव डब्यावर छापत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वर्ध्याला गेलो. गजेंद्र गल्ल्यावर होता.

"या काका, बसा. चहा सांगू?"

"पेट्रोल सांग. वाटीभर. रंग धुवाले."

गजेंद्र हसला, मग गोमाजीचा चेहरा पाहून थांबला. गोमाजीने काउंटरच्या काचेवर तुकडा ठेवला. "मास्तर, वाचा. डब्यावरचं वाचलं होतं तसंच वाचा."

मी वाचले. समोरच्या फळवाल्याने मान वळवली, इतपत आवाज अजून शिल्लक आहे.

"गो म्हंजे मी," गोमाजी म्हणाला. "फुली म्हंजे बाद. तू मले माहाच बाद तुकडा सील मारून देल्ला."

"काका, माल वरून येते. डब्याच्या आत काय हाय, मले काय माहीत?"

"पोराचा खांदा मोडला."

गजेंद्र खाली पाहू लागला. "दुसरा डबा देतो," तो हळूच म्हणाला.

"दुसरा कोनाचा हाय? त्याच्यावर बी फुली असन."

तेव्हा मात्र पोराचा तोल सुटला. "मंग तुमी काऊन नाई पाह्यलं? हे सामान बनणं बंद होऊन किती वर्सं झाली, तुमाले ठाऊक नाई? आठ महिने तुमीच फोन करून राह्यले, पाह्य रे, पाह्य रे. नाई म्हणलं असतं तं तोंड पाडून बसले असते. डबा देल्ला तं कपाळाले लावला. डोळे तं तुमचे होते ना काका?"

यात खोटे काय होते? काहीच नाही, म्हणूनच ते जास्त झोंबले. लबाड माणसाने खरे बोलावे, यासारखा चीड आणणारा प्रकार नाही.

"तुहा बाप," गोमाजी सावकाश म्हणाला, "सामान नसलं का नाई म्हणत होता. उगाच गिऱ्हाइकाले लटकवत नव्हता." त्याने तुकडा उचलला. आम्ही पायऱ्या उतरताना गजेंद्रने मागून दोनदा काका म्हटले. गोमाजी स्टँडकडे चालू लागला.

एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. वर्धा मागे पडल्यावर म्हणाला, "पोरगं बरोबर बोललं. डबा पाह्यला अन् मी तुकडा नाई पाह्यला. घिसाड्यानं आनला असता तं भिंग लावून पाह्यला असता."

शेडमध्ये पोचताच त्याने कोपऱ्यातले, गिऱ्हाइकांनी न नेलेले जुने पार्ट बाहेर काढले. बेअरिंगे, रिंगा, पिस्टन. एकेक ऐरणीवर ठेवून मोठ्या हातोड्याने चेपला. दुपारपर्यंत हाच आवाज चालू होता. आता तो जुना तुकडा परत देतो तो चेपलेला देतो. गिऱ्हाइकाने विचारले तर आणखी एक हाणतो.

नवा पिस्टन कुठेच नव्हता, हे त्याने मान्य केले. मग मालवाहू तीनचाकीचा एक पिस्टन घेतला. पिनाचे माप तेच, उंची मात्र थोडी जास्त. वर्ध्याच्या लेथवाल्याकडे तीन चकरा मारल्या, पिस्टनचे डोके घासून घेतले, पुन्हा नवा लायनर टाकून त्याच्या मापाला केला. पंधरा दिवस लागले. या वेळी त्याने तुकडा आतून बाहेरून भिंगाने पाहिला आणि मला काही वाचायला लावले नाही.

गाडी घेऊन आम्ही रामबाईच्या अंगणात गेलो. नागेश गळ्यात हात अडकवून बाजेवर बसला होता. गोमाजीने ते तीन तुकडे रामबाईसमोर ठेवले आणि सगळे सांगितले, आपण डोळे झाकून बसवला तेही.

"आन आता जो टाकला तो?" तिने विचारले.

"ओरिजिनल नाई. तीनचाकीचा हाय. पह्यल्यासारखी पळणार नाई, पन चालन."

"चालन हे कोन सांगते?"

"मी सांगतो."

"पह्यले बी तूच सांगितलं होतं."

नागेश मध्ये पडला. "माय, जाऊ दे ना."

"तू चूप बस. खांदा जुळू दे तुहा." मग ती गोमाजीकडे वळली. "हा बरा होयेपर्यंत दूध तू आन. सातही गोठे. ज्यायनं दूध तोडलं त्यायले समजव बी तूच. पडलास तं तुहा खांदा."

मला वाटले, तो नाही म्हणेल. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा. त्याने किल्ली काढली आणि विचारले, "कॅन कोठं हायेत?"

दुसऱ्या दिवसापासून शेड दहाला उघडू लागली. पहाटे तो डोंगरामागे जायचा, गोठेवाल्यांच्या शिव्या खायचा, त्यांना शिव्या द्यायचा. चार गोठे आठवड्यात परतले, पाचव्याला पंधरा दिवस लागले. नाल्यात उतरताना तो क्लचवर दोन बोटे ठेवून इंजिन ऐकत जायचा, जाम होण्याआधी कळावे म्हणून. आल्यावर तासभर गजेंद्रला, डबा छापणाऱ्याला, टेबललॅम्पवाल्याला आणि स्वतःला शिव्या घालायचा. त्याच क्रमाने. मी ऐकायचो. कधी एखादी शिवी सुचवायचोही. माझ्याकडे जुन्या नाटकांतला साठा आहे.

बेचाळिसाव्या दिवशी तो लवकर आला. गाडी नव्हती, पायी आला होता. आल्या आल्या शेड झाडू लागला.

"काय म्हणाली रामबाई?" मी विचारले.

"उद्यापासून येऊ नको म्हणे. नाग्या जाईन." त्याने झाडू भिंतीला टेकवला. "येवढंच. बेचाळीस दिवस, मास्तर. एक डाव बंद नाई पडली गाडी. सातही गोठे जोडून देल्ले. आन बाई कॅन घेऊन घरात चालली गेली. चारचौघात डुप्लिकेट म्हणली होती, आता येवढंच म्हणली."

"गोमाजी, त्याच गाडीवर पोरगं बसवते ती उद्या. आणखी काय म्हणायला पाहिजे तिने?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी स्टुलावरून अर्धा उठलो.

"उठा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येते. त्याले बसाले पाह्यजे."

रस्त्यावर दूरवर कुणीही नव्हते. मी उठून उभा राहिलो.