उजव्या बाजूची रिकीब

कुसुमबाईला ताडकळसच्या बाजारात पाहिलं, तर ही बाई माणसांना घोड्यावर बसायला शिकवते हे कुणाला खरं वाटत नाही. पाच फुटांच्या आतली, साठीला टेकलेली, हातात नायलॉनची पिशवी, आणि कोथिंबिरीच्या दोन काड्यांवरून भाजीवाल्याशी तास तास हुज्जत घालणारी. पण गावाच्या अलीकडं अडीच एकराचा तुकडा आहे, त्यात तिचं रिंगण आहे. परभणीहून, पूर्ण्याहून माणसं येतात. डॉक्टरांची पोरं येतात, बँकेतल्या बाया येतात. लग्न ठरलेले नवरदेवही येतात, वरातीत सगळ्यांसमोर पडू नये म्हणून. त्यांना ती जास्त रागावते.

हे सगळं उभं केलं तिच्या नवऱ्यानं, नागनाथनं. त्याच्या बापाकडं वरातीची घोडी होती. त्या काळी बापाच्या समाजातल्या नवरदेवानं घोडीवर बसायचं म्हणजे डोकं फुटायची तयारी ठेवायची. अर्ध्या वाटेत कुणीतरी हात घालायचं आणि नवरदेवाला खाली ओढायचं. म्हणून म्हाताऱ्यानं घरात एक नियम घातला. ज्यानं बसवलं त्यानंच उतरवायचं. दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, आणि बसवणारा येऊन रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, धरून ‘उतरा’ म्हणेपर्यंत बसलेल्यानं खाली यायचं नाही, मग दिवस मावळला तरी बेहत्तर. घोडीलाही तसंच शिकवलेलं. ती तोवर जागची हलायची नाही. आता वराती कुणी अडवत नाही, पण नियम राहिला. कुसुमबाईच्या रिंगणात आजही शिकणारा आपल्या मनानं उतरला, तर त्याला पुन्हा वर बसवतात आणि नीट उतरवतात.

नागनाथची शिकवायची तऱ्हाही वेगळी होती. रिंगणात काळी माती, तिच्यावर सकाळी पाणी मारायचं आणि दाताळ्यानं ती सारखी करायची. शिकणारा दहा फेऱ्या मारून उतरला की नागनाथ त्याला सोबत घेऊन घोडीच्या टापांचे ठसे वाचत फिरायचा. “हे बघा, इथं तुमी घाबरलाव. डाव्या अंगाला कललाव. घोडी खोटं बोलल, माती बोलत न्हाई.” कुसुमबाई त्याच्या मागं फिरून फिरून शिकली. हळूहळू तिला त्याच्यापेक्षा बारीक वाचता यायला लागलं, आणि हे त्याला अजिबात आवडलं नव्हतं.

नागनाथचा स्वतःचा ठसा तर तिला डोळे झाकून ओळखू यायचा. तरुणपणी त्याचा डावा गुडघा एका शिंगरानं लाथ मारून फोडला होता. तो वाकायचा नाही. सगळं जग घोड्यावर डावीकडून चढतं, हा उजवीकडून चढायचा, तेही कुसुमबाईनं रिकीब घट्ट धरली तरच. बसला की सगळा भार उजवीकडं. त्यामुळं आबोली, म्हणजे त्यांची तांबूस, कुमैत घोडी, त्याला घेऊन चालली की तिचे उजव्या बाजूचे ठसे बोटाचं एक पेर जास्त खोल उमटायचे. उतरतानाही तेच. कुसुमबाईच्या खांद्यावर पंजा ठेवायचा, सगळं ओझं टाकायचं आणि म्हणायचं, “मेलो गं.” रोज सकाळी आठला. तीस वर्षं.

मागच्या चैत्रात एका बाजारच्या दिवशी दोघांचं वाजलं. कारण काय, तर सोनपेठला तिच्या भावाच्या घरी वास्तू होती आणि नागनाथनं ऐन वेळी नाही म्हणून सांगितलं. नवीन माणूस शिकायला येणार होता म्हणे. तो घोडीवर बसलेला, ती खाली उभी. कुसुमबाईचं डोकं फिरलं. ती म्हणाली, “मग बसा तिथंच. उतरूच नका.” पिशवी उचलली आणि बाजाराला गेली.

खोटं कशाला बोलायचं, तासाभरात परत यायचं तिच्या मनात होतं. पण राग मोठा सोयीचा असतो. रसवंतीवर बसली, एक ग्लास रस प्याली. मग दुसरा घेतला. बसू दे, ओरडू दे, जरा जिरू दे, असं म्हणत तिनं तीन तास काढले. वर ऊन मी म्हणत होतं. परत आली तेव्हा बांधावर माणसं जमली होती. शेजारच्या वावरातल्या भागवतनं नागनाथला घोडीच्या मानेवर वाकलेला पाहिलं, हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा डावीकडून ओढून खाली घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. भागवत डोळे पुसत म्हणाला, “वहिनी, घोडी तेवढी जागची हालली न्हाई बघा.”

लोक म्हणाले, घोडीवर जगला, घोडीवर गेला, नशीबवान माणूस. कुसुमबाई मान हलवत राहिली. तो उतरला का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पावसाळाभर रिंगण बंद होतं. दिवाळीनंतर शिकणारी माणसं परत यायला लागली. त्यांत धम्मशीला होती, परभणीतल्या एका शाळेत शिक्षिका, अंगानं काडी. पहिल्या रविवारी दहा फेऱ्या झाल्या, कुसुमबाईनं तिला डावीकडून उतरवलं आणि दोघी ठसे वाचायला निघाल्या. धम्मशीला वाकून बघत हसली.

“काकू, मी एवढी जड हाय का? अठ्ठेचाळीस किलो भरते मी.”

ठसे खोल होते. उजव्या बाजूचे एक पेर जास्त.

कुसुमबाईनं सांगितलं की पाणी जास्त पडलंय, माती मऊ झालीय. धम्मशीलाला ते पटलं. कुसुमबाईला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं रिंगण सारखं केलं आणि आबोलीला मोकळंच आत सोडलं. खोगीर नाही, लगाम नाही, माणूस नाही. घोडी आपली आपण चालत एक फेरी करून आली. कुसुमबाईनं उकिडवं बसून ठशात बोट घातलं. डावीकडं दोन पेरं, उजवीकडं तीन. मग लहान पोरांसाठीचं तट्टू सोडलं. त्याचे ठसे नेहमीसारखे, वरवरचे. माती तीच होती.

तिनं तो ठसा तळहातानं पुसून टाकला. पण तिथंच, त्या उकिडव्या अवस्थेत, आणखी एक गोष्ट झाली आणि ती तिनं नंतर स्वतःशी कबूल केली. तिला बरं वाटलं. सात महिने घर खायला उठत होतं. आता निदान तो कुठं आहे हे कळलं.

त्यानंतर ती भाकरी घेऊन रिंगणाच्या कडेला बसायला लागली. आबोली आत फिरायची, ही बाहेरून बोलायची. भावाचं घर झालं, तूर बरी आलीय, भागवतच्या म्हशीला रेडा झाला. जाणारे येणारे म्हणाले, म्हातारीला घोडीचं लय वेड. बोलायची सगळं, फक्त त्या दिवसाचं बोलायची नाही. आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात यायची, पण ती ध्यानात घ्यायची नाही. खरारा करताना, चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, तोंडाला बांधताना, ती घोडीच्या डाव्या अंगालाच राहायची. उजवं अंग करायला भागवतला बोलवायची. तिकडं उभं राहून वर बघायची तिची छाती नव्हती. तो रागावलेला असला तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

मार्गशीर्षात घोडी अंगानं उतरायला लागली. चंदी तशीच राहायची. बरगड्या दिसायला लागल्या. काम झालं की घोडं मातीत लोळतं, पाठ घासतं, चारी पाय वर करतं. आबोली चैत्रापासून एकदाही लोळली नव्हती. बसतच नव्हती. उभ्या उभ्या डुलकी घ्यायची, चारी पाय रोवून, वर कुणी पडू नये अशी. मग पाठीवरचे केस गेले आणि खोगिराच्या कडेनं लागतं तशी लांबट जखम उघडी पडली.

जनावरांचे डॉक्टर आले. जखम धुतली, मलम लावलं.

“खोगीर बंद करा महिनाभर.”

“पंधरा दिवस झाले, खुंटीलाच हाय,” कुसुमबाई म्हणाली.

“मग बसायलंय कोण रात्रंदिवस?” डॉक्टर हसले. ती हसली नाही, तेव्हा ते गंभीर झाले. “बाई, थट्टा सोडा. हिच्या पाठीवर भार हाय. तो गेला न्हाई तर घोडी संक्रांत बघत न्हाई.”

डॉक्टर गेल्यावर कुसुमबाई ओट्यावर बसून राहिली. घोडी वाचवायची तर त्याला उतरवायला पाहिजे. उतरवणारी जगात एकच होती. आणि तो उतरला म्हणजे गेला. मग ह्या घरात ती आणि दोन जनावरं. बाईनं दोन दिवस स्वैपाक केला नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी आठला, लख्ख उन्हात, तिनं आबोलीला रिंगणाच्या मधोमध आणलं. जखमेवर मऊ गोधडीची चौघडी टाकली, वर खोगीर ठेवलं, पोटाखालचा तंग अगदी सैल बांधला. रिकीब असल्याशिवाय तो उतरणार कसा. मग डोकं खाली घालून ती घोडीच्या पुढून फिरली आणि उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. आठ महिन्यांनी. रिकीब दोन्ही हातांनी धरली.

“उतरा,” ती म्हणाली.

काही झालं नाही. घोडी थरथरत होती. बांधावरच्या बाभळीवर होले घुमत होते, ते एकदम गप्प झाले.

“उतरा की. आठ वाजले.”

रिकीब हातात गार होती. आतापर्यंत नागनाथ होता तेवढाच तिला धीर होता, आता तो नसेल तर, आणि असून ऐकत नसेल तर. तिनं वर बघितलं नाही. खोगिराच्या कातड्याकडं बघत ती बोलायला लागली.

“मी रसवंतीवर बसले होते. दोन ग्लास रस प्याले. तुमचा पाय वाकत न्हाई हे मला ठाऊक होतं. ऊन हाय हे बी दिसायलं होतं. मी मुद्दाम आले न्हाई. तुमी वाट बघत बसलाव, आन् मी मुद्दाम आले न्हाई. माझं चुकलं. आता मी आलेय. उतरा.”

रिकिबीचा पट्टा ताणला. सैल लोंबणारा चामडी पट्टा तारेसारखा सरळ झाला, कुरकुरला, आणि तिच्या दोन्ही मनगटांवर भार आला. तिनं दात आवळून धरून ठेवलं. मग खांद्यावर ओझं पडलं, सगळंच्या सगळं, पूर्वीसारखं. तिचे गुडघे वाकले. कानाशी कुणी ‘मेलो गं’ म्हणेल म्हणून ती थांबली. कुणी काही म्हणालं नाही.

रिकीब हलकी झाली. आबोलीनं नखशिखान्त अंग झाडलं. कुसुमबाईनं घाईघाईनं तंग सोडला, खोगीर ओढून खाली घेतलं, आणि ते जमिनीला लागायच्या आत घोडी मातीत आडवी झाली. लोळली. ह्या कुशीवरून त्या कुशीवर, पाय हवेत झाडत, शिंगरासारखी. कुसुमबाई तिथंच मातीत बसून पोटभर रडली. मग उठली, घरात गेली, बऱ्याच दिवसांनी पिठलं टाकलं. त्या दिवशी तिचा खांदा फार दुखत होता. वय झालं, असं तिनं मनाला सांगितलं.

रविवारी धम्मशीला आली. घोडीची जखम सुकत होती, खोगीर अजून बंदच होतं, म्हणून कुसुमबाईनं तिला म्हटलं, आज बसायचं नाही, आज नुसती माती वाचायची. सकाळीच रिंगण सारखं करून आबोलीला मोकळं फिरवलं होतं. धम्मशीला वाकून वाकून फिरली.

“घोडी मोकळी हाय, काकू. चारी ठसे सारखे, वरवरचे. बरोबर?”

“बरोबर.”

धम्मशीला आणखी पुढं गेली, फाटकापाशी, जिथून माणसाच्या पावलांची एक रांग घराकडं जात होती. तिथं ती उकिडवी बसली. चांगली शिकली होती पोरगी. नागनाथनं शाबासकी दिली असती.

“हे माणूस मात्र लय जड हाय,” ती सावकाश वाचत म्हणाली. “पाऊल बारकं, पण केवढं रुतलंय. उजव्या पायावर सगळा भार. आन् डावा पाय उचलतच न्हाई, घासत नेतंय. गुडघा वाकत नसल त्याचा. कोण आलं होतं, काकू?”

कुसुमबाईनं आपल्या पायांतल्या चपलांकडं बघितलं. सकाळपासून ह्या रिंगणात दुसरं कुणी आलं नव्हतं. खांदा अजून ठणकत होता. तिनं उजवा हात वर नेऊन तो खांदा जरा थोपटला, जसं म्हाताऱ्या माणसाच्या हातावर थोपटतात.

“कुणी न्हाई,” ती म्हणाली. “घरचंच माणूस हाय. चल, चहा टाकते.”

आणि डावा पाय घासत ती घराकडं चालायला लागली.